भडक्याच्या आधीचे तास

मंगळवार, रात्री

ऑटिझम असलेलं मूल वयात आलं की त्याच्या रागाची चर्चा भडक्यापाशीच अडकते. ताट फेकलं, दार आपटलं, हात उगारला. बघायला हवेत ते त्याआधीचे तास. बेळगावातल्या मराठी घरचा मुलगा असेल तर वर्गात कन्नड, वहीत इंग्रजी, मधल्या सुट्टीत मराठी. वर बाकावरची ढकलाढकल आणि बसस्टँडची रेटारेटी. मुलगा हे सगळं गप्प बसून सोसतो, म्हणून शिक्षक सांगतात, "इथं काही त्रास देत नाही." घरी चपला काढायच्या आत आज्जी विचारते, "डबा संपवलास का? अभ्यास काय दिला?" आणि सगळं फुटतं. आज्जीचा दोष नाही. पण शाळेतून आल्यावर निदान अर्धा तास प्रश्न नकोत. पाणी, मूठभर चुरमुरे, पंखा आणि पडदा ओढलेली खोली.

"राग आला की सांग" हे बहुतेकदा वाया जातं. यातल्या बऱ्याच मुलांना भूक, छातीतली धडधड, लघवीची घाईसुद्धा वेळेवर कळत नाही. म्हणून १ (शांत) ते ५ (भडका) अशा आकड्यांचा तक्ता करून बाहेरून दिसणाऱ्या खुणा लिहायच्या: २ म्हणजे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, ३ म्हणजे येरझाऱ्या आणि लाल झालेले कान. खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या. प्रत्येक आकड्यापुढे एकच कृती. आकडे आणि रंग कन्नड शाळेत आणि मराठी घरात सारखेच चालतात, तेव्हा एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी.

मदत करायची ती २-३ वर. दीर्घ श्वासाचा सराव १ वर असताना, रोज दोन-तीन मिनिटं. ५ वर श्वास शिकवायला गेलं तर श्वासाचाच राग येतो. ५ वर जवळ एकच मोठं माणूस, दोन हात लांब, थोडं तिरपं उभं. दार अडवायचं नाही, दंड धरायचा नाही. बोललंच तर दोन शब्द, तेही त्याच्या घरच्या बोलीत. "असं का केलंस?" हे त्या दिवशी विचारूच नये. दुसऱ्या दिवशी कागदावर चित्रं काढून बोलावं.

राग अचानक वाढला तर वयावर ढकलण्याआधी दात, कान, बद्धकोष्ठता आणि झोप तपासावी. या वयात फिट्सही सुरू होऊ शकतात. रिस्पेरिडोन या औषधाने चिडचिड कमी होते, ऑटिझम जात नाही. वजन वाढतं, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय नको.

आता गणपती तोंडावर आलेत. कानावरचे मफ आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने कमी करतात. डॉल्बीचा बास मात्र छातीत घुमतोच. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते, ती पूर्ण दाखवायचा हट्ट कशाला? मिरवणूक भरात येण्याआधी थोडा वेळ न्यावं, गाडी गर्दीबाहेर लावावी, आणि ३ दिसताच कोण त्याला घेऊन निघणार ते घरातच ठरवावं.