मग पाऊस मे महिन्यातच का नाही पडत?

माण तालुक्यात भूगोल शिकवते. फळ्यावर डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, मधे बाण. जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून वारे येतात, पाऊस पडतो. पंधरा वर्षं हेच.

एकदा सातवीतल्या पोरीने हात वर केला. "मॅडम, जमीन तर मे महिन्यात जास्त तापते. मग पाऊस तेव्हाच का नाही पडत?"

"पुढच्या वर्गात शिकाल," म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री शोधत बसले, तेव्हा मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ सापडल्या. पुण्यात 1944 साली जन्मलेल्या, फर्ग्युसनच्या, पुढे हार्वर्डच्या डॉक्टरेट. 1971 साली परत आल्या, थोडे दिवस पुण्यात काढून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. आपल्या पुण्याच्या, आणि मला नाव ठाऊक नसावं!

त्यांचं म्हणणं त्या पोरीच्या प्रश्नातच होतं. नुसत्या तापण्याने पाऊस येत असता, तर दुष्काळी सालात सगळ्यात जास्त पडायला हवा; कारण ढग नसले की जमीन आणखीच तापते. हे माणच्या माणसाला सांगायला लागत नाही. जुलैत ढेकळांवर अनवाणी उभं राहून बघावं.

मग पाऊस आणतं कोण? हवामानशास्त्रज्ञ सिक्का यांच्याबरोबर त्यांनी 1973 ते 77 या सालांतली उपग्रहाची रोजची चित्रं तपासली. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पट्टा तयार होतो, हळूहळू उत्तरेला सरकत जमिनीवर चढतो. जमिनीवरचा विरला की काही आठवड्यांनी खालून दुसरा येतो. मान्सून म्हणजे या पट्ट्याचं येणं. 1980 साली हा शोधनिबंध छापून आला.

एल निनोचंही तसंच. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की त्याला एल निनो म्हणतात, आणि तो आला की आपल्याकडे पाऊस कमी, असं धरतात. 1997 साली तो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. 2002 साली त्याहून कितीतरी कमजोर, आणि जुलैचा पाऊस निम्म्यावर आला. गाडगीळबाईंनी बोट ठेवलं हिंदी महासागरावर: विषुववृत्तावर ढग पश्चिमेला जास्त जमतात की पूर्वेला. पश्चिमेला जमले तर आपलं बरं.

2002 साली मी दहावीला होते. आबांनी बाजरीची दुबार पेरणी केली, तीही करपली. कारण कुणी विचारलं नाही, विचारायचं कुणाला?

मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं काम मात्र पावागडचं. कर्नाटकातला तो कोरडवाहू तालुका आमच्या माणचाच भाऊ. भुईमूग कधी पेरला तर शेंगा भरायच्या वेळी पाऊस गाठेल, याचा हिशेब त्या तिथल्या शेतकऱ्यांबरोबर बसून मांडत होत्या.

परीक्षेत अजून बाणच विचारतात, म्हणून बाण काढतेच. पण यंदा फळ्याच्या तळाशी, समुद्रात, खडू आडवा धरून एक पांढरा पट्टा ओढला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पुसायचं राहिलं तिथं."