बासची रिळं, आपली मरळ: के.टी. बंधाऱ्यावरची नोंद

पावसाळा सरून आमच्या के.टी. (कोल्हापूर टाइप) बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसले आणि पाणी तुंबलं की आमचा सीझन सुरू होतो. यंदा मासा मिळो न मिळो, आधी रिळांचा, म्हणजे मासे धरायची लाइन गुंडाळायच्या चाकांचा, निकाल लावायचा असं ठरवलं होतं. बेटकास्टिंग रिळं प्रामुख्याने अमेरिकेतल्या लार्जमाउथ बाससाठी घडत गेली. जपानच्या आशी सरोवरात 1925 साली हा मासा नेऊन सोडला, पुढे तिथंही त्याचं वेड लागलं, आणि आज आपण हातात धरतो त्यातली बरीच चांगली रिळं जपानी कंपन्यांची आहेत. पंचगंगेत बास नाही, भोगावतीतही नाही. पण आडोशाला दबा धरून बसायचं आणि डोक्यावरून बेडूक गेला की तुटून पडायचं, हा स्वभाव बासचा आणि मरळीचा एकच. त्यामुळं सामान लागू पडतं. सेटिंग मात्र आपल्या पाण्यावर, आपल्या वाऱ्यात नव्यानं बसवावी लागते.

रिळं तीन. एक मॅग्नेटिक ब्रेकचं, 7.1 रेशोचं (हँडलच्या एका फेऱ्यात लाइनचा स्पूल 7.1 वेळा फिरतो). दुसरं सेंट्रिफ्युगल, 6.3. तिसरं डीसी, म्हणजे चिपवर ब्रेक लावणारं. ते मित्राकडून मागून आणलंय. रॉड तिघांना एकच, सात फुटी मीडियम हेवी. लाइनही एकच, 30 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा. रॉड आणि लाइन बदलत राहिलं तर फरक कशाचा ते कळत नाही, आणि आपल्याकडच्या निम्म्या गप्पा तिथंच फसतात.

पहिल्या फेऱ्या पाण्यावर मारल्याच नाहीत. शाळेच्या मैदानात, पोरं घरी गेल्यावर, लूरचे (बनावट आमिषाचे) गळ काढून आणि रान मोजायची टेप अंथरून मारल्या. स्पूलचा नॉब सगळ्यांवर एकाच पद्धतीनं लावला: अंगठा उचलल्यावर लूर सावकाश खाली यावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. मग ब्रेक भरपूर ठेवून हळूहळू कमी करत गेलो.

कास्ट करताना रिळात लाइनचा गुंता का होतो हे नवीन मंडळी सारखं विचारतात, म्हणून जरा सविस्तर. स्पिनिंग रिळात स्पूल जागेवर असतो, लाइन त्याच्या कडेवरून निसटते. बेटकास्टरमध्ये लूरनं ओढून स्पूल फिरवायचा असतो. लूर सुटल्या सुटल्या स्पूल सगळ्यात जोरात असतो, आणि नेमकी तेव्हापासूनच हवा लूरला मागं ओढायला लागते. लूर मंदावला तरी स्पूल आपल्याच नादात. जास्तीची लाइन बाहेर जायला जागा नसते, ती आतच फुगते. दुसरी वेळ शेवटची: लूर पाण्याला टेकला, स्पूल अजून फिरतोय. शेवटचा गुंता अंगठ्यानं थांबतो. सुरुवातीचा थांबवायला ब्रेक.

आता ब्रेकमधला फरक. सेंट्रिफ्युगलमध्ये छोटे ठोकळे फिरत्या वेगानं बाहेर फेकले जाऊन घासतात, आणि त्यांचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. म्हणजे सुरुवातीला घट्ट धरतो, वेग उतरला की जवळजवळ सोडून देतो. चुंबकाचा जोर वेगाच्या सरळ प्रमाणात, त्यामुळं तो कास्टच्या शेवटापर्यंत थोडा थोडा धरून राहतो. पुस्तकी वाटतं, पण टेपवर हेच दिसलं. 14 ग्रॅमचा पोकळ रबरी फ्रॉग सेंट्रिफ्युगलवर 34-35 मीटर गेला, मॅग्नेटिकवर तिशीच्या आसपास थांबत होता. फ्रॉग जड, गोटीबंद, हवेत सरळ जाणारा. त्याला शेवटी ब्रेक नकोच असतो.

स्पिनरबेटचं उलटं. साडेदहा ग्रॅमचा, पण पाती आणि झालर हवा धरतात. त्यात आमच्या बंधाऱ्यावर दुपारनंतर पश्चिमेचा वारा सरळ तोंडावर येतो. इथं मॅग्नेटिक बरं. अंतर फार नाही, पण बाहेरच्या डायलवर दोन अंक वाढवले की पुढचा कास्ट स्वच्छ. माझ्या सेंट्रिफ्युगलला त्यासाठी साइड प्लेट उघडून ठोकळे सरकवावे लागतात. ओले हात, चिखल, वारा… नकोच ते.

सगळ्यात रडवलं 7 ग्रॅमच्या पॉपरनं. तोंडाला खोलगट वाटी, हवेत कोलांट्या खातो. एकाही रिळावर मनासारखा जाईना, 15-16 मीटरला मान टाकायचा. डीसीवर गुंता झाला नाही एवढंच, अंतर तेच. उपाय ब्रेकमध्ये नव्हताच, स्पूलच्या वजनात होता. काठोकाठ भरलेली लाइन काढून साठेक मीटर ठेवली (खाली थोडी मोनो, म्हणजे साधी नायलॉन लाइन, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरते), तर तोच पॉपर विशीला टेकला. हलका स्पूल लवकर फिरायला लागतो, साधा हिशोब. तोटा एक: स्पूलचा व्यास कमी झाला की हँडलच्या एका फेऱ्यात लाइन कमी येते. भरलेल्या 34 मिलिमीटरच्या स्पूलवर 7.1 रेशो म्हणजे फेऱ्याला साधारण 76 सेंटिमीटर. अर्ध्या भरलेल्यावर तेवढं मिळत नाही. पॉपर तसाही थांबत थांबत ओढायचा, त्याला चालतं. फ्रॉगला मात्र भरलेला स्पूलच हवा, कारण मरळीनं घेतल्यावर ढील झटक्यात गोळा करावी लागते. टेक्सास रिग (गळाचं टोक आत लपवलेला रबरी लूर) तिन्हींवर निमूट गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मग पाण्यावर. डोहाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यांना विचारूनच उतरतो. काठावर आबा असतात, बांबूची काठी आणि गांडुळं घेऊन. मी हँडल फिरवताना बघून म्हणाले, "काय रं, पीठ दळाय बसलाईस व्हय?" डीसीचा किर्रर्र आवाज ऐकल्यावर तर त्यांनी उठून रीळ हातात घेतलं. म्हटलं, "आबा, ह्यात सेल नाही. स्पूल फिरतो त्यावरच वीज तयार होते." "मग मासं बी तेच धरतंय का?" एवढं विचारून परत जागेवर.

त्यांचा प्रश्न बरोबर होता म्हणा. डीसीनं वाऱ्यात माझा अंगठा मोकळा ठेवला, रात्री उशिरा दिसेनासं झाल्यावर तर त्याची खरी मजा. पण मरळीचे बहुतेक कास्ट लांबचे नसतातच. जलपर्णीत ताटाएवढी मोकळी जागा बघायची आणि दहा-बारा मीटरवरून फ्रॉग तिच्या पलीकडं ठेवून अलगद आत ओढायचा. तिथं चिप काय करणार? नेम आणि अंगठा. माझ्या मते नवशिक्यानं डीसीला दुप्पट-तिप्पट पैसे घालण्यापेक्षा एक साधं रीळ आणि चांगली रॉड घ्यावी. मित्राला रीळ परत दिलं.

मरळीनं फ्रॉग घेतला की लगेच झटका मारू नका. पाणी फुटतं, फ्रॉग दिसेनासा होतो, आणि हात आपोआप वर जातो. लाइन ताणली जाऊन वजन जाणवू दे, मग मारायचं. तोंड हाडाचं आहे, म्हणून ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाइन सोडणारी पकड) जवळजवळ पूर्ण आवळलेला. जलपर्णीत 30 पौंडी पुरत नाही, तिथं 50 घालतो. मरळ श्वास घ्यायला वर येते तेव्हा बुडबुडा आणि वलय दिसतं. त्यावर न टाकता हात-दीड हात पुढं टाकलेला फ्रॉग जास्त चालला. पावसाच्या सुरुवातीला मात्र लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथून निघून जायचं. खाली आईबाप राखणीला असतात, रागानं काहीही चावतात, आणि त्यांना काढलं की पिल्लं दुसऱ्यांचा घास होतात.

देखभालीचं एकच: पंचगंगेचा गाळ लेव्हल वाइंडच्या (लाइन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या भागाच्या) आट्यांत जाऊन बसतो. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशनं झाडायचं, बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब. दोन घातले तर स्पूल जड होतो.

सध्या सेंट्रिफ्युगल फ्रॉगला आणि मॅग्नेटिक स्पिनरबेटला, असे दोन रॉड कायम लावलेले. बरगे काढायच्या आधी 5.4 रेशोच्या रिळावर क्रँकबेट (ओढला की खाली बुडणारा लूर) ओढून बघायचाय. फेऱ्याला 57-58 सेंटिमीटरच येईल, खोल डोहात त्याला तेवढंच हवं. रीळ मिळतंय का बघतोय, शक्यतो डाव्या हँडलचं.