तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीशी कोण हवा?

वेस्टर्नचा नाद असलेली पोरं घरी येतात, चहा घेतात आणि कप खाली ठेवता ठेवता ठरलेला प्रश्न टाकतात. "काका, जुन्या अमेरिकेतल्या त्या सगळ्या मार्शल-शेरीफांतला एकच जोडीदार घ्यायचा, तर कोण घ्याल?" विचारणाऱ्याचं उत्तर आधीच तयार असतं: डॉक हॉलिडे. मी दुसरं नाव घेतलं की चेहरा पडतो. परवा पुन्हा एकाने विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी जन्मभर लाइनमन होतो. हा नाद लागला तो सबस्टेशनच्या रात्रपाळीत, रद्दीतून आणलेल्या पुस्तकांपायी. दिवसा मी पोलवर आणि माझा जोडीदार खाली, लाइनची वीज तोडणाऱ्या एबी स्विचपाशी. स्विच पाडला की तो हँडलला कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. मी उतरून समोर उभा राहीपर्यंत साहेबाने मागितली तरी द्यायचा नाही. पोलवर चढायला तो अगदीच मंद. पण मला त्याचं चढणं हवं होतं कुठे? त्यामुळे सगळ्यात झटपट पिस्तूल कुणाचं, हा वाद माझ्या डोक्यात कधी शिरलाच नाही.

झटपटच हवा असेल तर वाइल्ड बिल हिकॉक घ्या. १८६५ साली मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात त्याने डेव्हिस टटला सुमारे ७५ यार्डांवरून एका गोळीत पाडलं. पिस्तुलाने! पुढे १८७१ मध्ये तो कॅन्ससमधल्या ॲबिलीनचा मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, झाला. टेक्सासहून गुरांचे तांडे घेऊन येणाऱ्या काऊबॉयांचं ते गाव, हंगामात नुसता धिंगाणा. ५ ऑक्टोबरच्या रात्री अलामो सलूनसमोर फिल को नावाच्या माणसाने गोळी झाडली. कुत्र्यावर झाडली म्हणाला. शब्दाला शब्द लागला, दोघांची पिस्तुलं निघाली आणि हिकॉकने त्याच्या पोटात गोळी घातली. तेवढ्यात कोपऱ्यावरून कुणीतरी पिस्तूल घेऊन धावत आलं. हिकॉक गर्रकन वळला आणि त्यालाही उडवलं.

तो माइक विल्यम्स होता, हिकॉकचा मित्र. त्याच्याच मदतीला धावत आलेला.

ही गोष्ट मी वाचली त्या रात्री पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. विल्यम्सची निष्ठा पुरेपूर होती, धाडसही होतं. फक्त तो कुठून येतोय हे हिकॉकला ठाऊक नव्हतं. पोलवरच्या माणसाला न सांगता कुणी प्रेमापोटी स्विच टाकावा, तसं झालं. हिकॉकची ती शेवटची चकमक. डिसेंबरात गावाने त्याला कामावरून काढलं.

शेरीफ पॅट गॅरेटची तऱ्हा निराळी. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला फरारी गुन्हेगार बिली द किडला गाठायला तो पो आणि मॅकिनी असे दोघे घेऊन गेला. दोघांना ओसरीवर ठेवून स्वतः पीट मॅक्सवेलच्या खोलीत शिरला. इकडे बिली अनवाणी, हातात सुरी घेऊन त्या दोघांसमोरूनच आला, स्पॅनिशमध्ये "कोण आहे?" म्हणून विचारता झाला आणि मागे सरकत खोलीत गेला. पोने त्याला ओळखलंच नाही. आयुष्यात कधी पाहिलं असेल तर ना! आत गॅरेटने गोळी घातल्यावरही पो म्हणत होता, तुम्ही भलत्याच माणसाला मारलंत. दारावर माणूस उभा करायचा आणि त्याला चेहरा ठाऊक नाही, याला काय म्हणावं?

एकेकाळचा शेरीफ बॅट मास्टर्सन, त्याच्याबद्दल मला माया आहे. भावाला डॉज सिटीत धोका आहे अशी निनावी तार आली, तर हा ॲरिझोनातल्या टूमस्टोनहून तडक निघाला. १६ एप्रिल १८८१ ला गाडीतून उतरला आणि भावाचे वैरी दिसल्या दिसल्या दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू. भाऊ जिम ठणठणीत होता. बॅटला ८ डॉलर दंड झाला. येणार म्हणजे येणार, असा माणूस. आल्यावर जरा चौकशी केली असती तर बरं.

आता डॉक. शिकलेला दंतवैद्य, क्षयाने पोखरलेला, सिनेमांतून गाजलेल्या वाइअट अर्पचा जिवलग. खुद्द बॅटने १९०७ साली मासिकात लिहिलं की अंगात बळ म्हणाल तर डॉकच्याने पंधरा वर्षांचं धडधाकट पोरही लोळवलं गेलं नसतं. बॅटचं त्याच्याशी जमत नसे, तेव्हा थोडं मीठमसाला धरा. डॉक पळणारा नव्हता, हे कबूल. पण टूमस्टोनमधल्या ओके कोरलच्या चकमकीच्या आदल्या रात्री, अर्पांशी वैर असलेल्या आइक क्लँटनला शिव्या घालून "पिस्तूल आण आणि ये" असं डिवचलं कुणी? डॉकनेच. जो आधी आग लावतो आणि मग विझवायला बादली घेऊन पुढे होतो, तो मला जोडीदार म्हणून नको.

माझं उत्तर व्हर्जिल अर्प. वाइअटचा थोरला भाऊ, यादवी युद्धात लढलेला. टूमस्टोनचा मार्शल तो होता. सिनेमावाल्यांनी सगळं श्रेय धाकट्याला देऊन टाकलं. ओके कोरलच्या दिवशी, २६ ऑक्टोबर १८८१ ला दुपारी, क्लँटन-मॅक्लॉरी मंडळींकडची हत्यारं काढून घ्यायची होती, कारण गावात हत्यार बाळगायला बंदी होती. व्हर्जिलने आपली शॉटगन डॉकला कोटाखाली दडवायला दिली आणि त्याची काठी स्वतः घेतली. गल्लीतून बंदूक मिरवत गेलो तर लोक बिथरतील, हा हिशेब. वाटेत शेरीफ बीहन आडवा आला. व्हर्जिलच्या साक्षीप्रमाणे, मी त्यांची हत्यारं काढून घेतली आहेत असं बीहन म्हणाला, तेव्हा व्हर्जिलने पिस्तूल डाव्या कमरेला सरकवलं आणि काठी उजव्या हातात घेतली. पिस्तुलाच्या हातात काठी! चकमकीला निघालेला माणूस असं करत नाही, अटक करायला निघालेला करतो. फ्लायच्या फोटो स्टुडिओशेजारच्या मोकळ्या जागेत त्याने हात वर करायला सांगितलं. समोरची पिस्तुलं निघाली, तरी थांबा, मला हे नकोय, असं तो ओरडला. मग सुमारे ३० सेकंदांत ३० गोळ्या आणि तीन माणसं ठार. पोटरीतून गोळी गेली तरी व्हर्जिल लढत राहिला.

चूक त्याचीही झाली. न्यायाधीश स्पायसरने सगळ्यांना सोडताना व्हर्जिलला मात्र बोल लावला: वैर माहीत असताना वाइअट आणि डॉकला सोबत घेणं अविचाराचं होतं. पटतं मला. जोडीदार निवडण्यात तो चुकला. जोडीदार म्हणून तो चुकला नाही.

दोन महिन्यांनी, २८ डिसेंबरच्या रात्री, अंधारातून त्याच्यावर शॉटगनचे बार झाले. डावा हात कायमचा निकामी झाला. रडणाऱ्या बायकोला म्हणाला, तुला मिठी मारायला एक हात शिल्लक आहे. १८८७ साली कॅलिफोर्नियातल्या कोल्टन गावाने याच माणसाला मार्शल म्हणून निवडून दिलं.

इथवर ऐकलं की पोरं हसतात. "काका, एका हाताचा जोडीदार चालेल तुम्हाला?"

कुलूप घालून किल्ली खिशात टाकायला एक हात पुरतो.