‘…गाव’ कात्रणाचा पत्ता लागला: खालच्या कमानीपासून सुरुवात करा

पाचव्या जॉर्जच्या लाल एक आणा टपाल तिकिटाचं, कागदासकट कापलेलं एक कात्रण बरेच दिवस अडलं होतं: त्यावरचा टपाल शिक्का कुठल्या गावचा? ते अखेर सुटलं. शिक्क्याची डावी बाजू कात्रीत गेलेली. वर रोमन जी-ए-ओ-एन, म्हणजे नावाच्या शेवटचं ‘गाव’, मधे तारखेची ओळ, खाली पुसट कमान. एक आणा 1922 मध्ये चॉकलेटी झाला, म्हणजे काळ साधारण 1911 ते 1922, उरलेला साठा नंतर वापरला नसेल तर.

स्कॅन फ्लॅटबेडवर, 1200 डीपीआय. जिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये फक्त रेड चॅनल ठेवला की तिकिटाचा लाल रंग फिका पडतो आणि शिक्क्याची काळी शाई उठून दिसते. स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोपवर मापं घेऊ नका. भिंगाच्या कडेला कमान वाकडी होते.

जीवा, म्हणजे कमानीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर, 22 मिमी, कमानीची उंची 7. जीवेचा वर्ग भागिले उंचीची चौपट, अधिक उंची: व्यास 24.3 मिमी. केंद्र मिळालं की पारदर्शक फिल्मवर छापलेला कोनमापक ठेवायचा. जी ते एन 54 अंश, तीन अंतरं, म्हणजे अक्षरामागे 18. नाव मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं बसवलेलं असतं, म्हणून मध्यरेषेपासूनचा एनचा कोन दुप्पट करून 18 ने भागायचा आणि एक मिळवायचा, की नावातली अक्षरं किती ते कळतं.

घोडं इथेच अडलं होतं. तारखेच्या ओळीवरून मध्यरेषा काढली तर एन 67 अंशांवर, उत्तर 8.4. मालेगाव, नांदगाव, कोरेगाव, खामगाव आठ अक्षरी, कोपरगाव नऊ. रोमन स्पेलिंगने, अर्थात. तारखेचे खिळे, म्हणजे शिक्क्यात बसवायचे अंकांचे ठसे, सुटे असतात, खाच्यात हलतात. मध्यरेषा चार अंशांनी ढळली की हिशेब जवळजवळ अर्ध्या अक्षराने चुकतो.

वरचं नाव आणि खालचा जिल्हा मात्र एकाच पोलादी कड्यात कोरलेले; ते एकमेकांपासून हलूच शकत नाहीत. खाली एस-आय-के लागलं, म्हणजे नासिक. पाचांतला मधला एस हीच खरी मध्यरेषा! एन 63 अंशांवर आला, उत्तर नेमकं आठ. दहा अक्षरी पिंपळगाव बाद, उरले मालेगाव आणि नांदगाव.

जीच्या आधीचं अक्षर ई की डी? शाई भरल्यामुळे ईच्या तिन्ही काड्या एक होऊन डीसारखा ठोकळा झालाय. अशा वेळी पोटाकडे बघू नका, उजवा वरचा कोपरा बघा. डीचा तिथे गोल वळतो, ईचा शाईतही काटकोनी राहतो. इथे काटकोन स्वच्छ आहे. मालेगाव!

किलोवेअरवाल्यांना, म्हणजे कागदासकट कापलेली तिकिटं वजनावर विकणाऱ्यांना, बजावून सांगा: तिकिटाभोवती किमान एक सेंटिमीटर कागद सोडा. आणि अशी कात्रणं भिजवू नका, कागदावरचा अर्धा शिक्का कायमचा जातो.

पुढे अर्ध्या आण्यांची थप्पी घेणार होतो, पण ती थांबवतोय. तारखेच्या ओळीवरून ‘जळगाव’ म्हणून लावलेली सगळी कात्रणं आधी पुन्हा मोजायला हवीत: शेगाव आणि माणगावही सातच अक्षरांची. नोंदवहीत ‘मध्यरेषा कशावरून’ हा रकाना आजच वाढवलाय. लिहिता लिहिता सुचलं, एकाच शिक्क्याचे दोन तुकडे असतील तर तारखेचे खिळे किती हलतात तेही मोजता येईल. कुणाकडे मालेगावची जोडी असेल तर दोन्हींचे स्कॅन पाठवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून.