मांगरातलं यामाहा एंड्युरो ८: पाणी मारेपर्यंतची नोंद

देवबागला काकांच्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या सामानाच्या खोपटात, होडीच्या मागे लावायचं हे इंजिन सहा पावसाळे भिंतीला टेकून होतं. यामाहा एंड्युरो, ८ हॉर्सपॉवर, टू स्ट्रोक, दोन सिलिंडर, १६५ सीसी. पात, म्हणजे काकांची छोटी होडी, विकली तेव्हा गिऱ्हाईकाला इंजिन नको होतं, म्हणून ते राहिलं. लहानपणी कर्लीच्या खाडीतून परतताना मी याच्याच आवाजावर झोपलोय. काका म्हणाले, "होया तर ने." मी त्याच दिवशी टेम्पो बोलावला.

मे महिना, पहिला रविवार. दोरी जागची हलेना. अशा वेळी जोर लावायचा नाही. दोरी तुटते नाहीतर स्टार्टरची स्प्रिंग जाते. दोन्ही प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि टू-टी ऑईलचं मिश्रण ओतलं. रोज संध्याकाळी फ्लायव्हीलच्या नटला पाना लावून नखभर हलवून बघायचं, एवढंच काम. सहाव्या दिवशी पाना किंचित सरकला. पुढे-मागे, पुढे-मागे करत तासाभरात पूर्ण फेरा झाला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वरच्या सिलिंडरला ९२ आणि खालच्याला ८८ पीएसआय आलं. आकडे फार मोठे नाहीत, पण दोन्ही जवळजवळ आहेत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. एकात चांगलं आणि दुसऱ्यात कमी असतं तर हेड उघडावंच लागलं असतं.

ठिणगीने त्रास दिला नाही. या मॉडेलला ठिणगीसाठी घासून झिजणारे पॉइंट नाहीत, सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. अर्थिंगची टोकं घासून चकचकीत केली आणि नवा प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली, तर भर दुपारी निळी ठिणगी दिसली.

कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोलचा गुळासारखा चिकट थर होता. जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, तांब्याच्या बारीक तारेने मोकळे केले. पेट्रोलची नळी आणि हाताने दाबायचा फुगा दोन्ही कडक झाले होते, ते सरळ बदलले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आपल्या दमट हवेत ते पाणी ओढतं आणि ते पाणी तळाला बसतं. म्हणून महिनाभर इंजिन लागणार नसेल तर वाटी रिकामी करून ठेवा.

आता पेट्रोल होतं, ठिणगी होती, आणि हात शिवशिवत होते. काकांनी अडवलं. "चालू होतला ता. पण पानी मारूक नाय तर धा मिनटात बसतला. आदी पानी बघ, मगे आग." या सगळ्या कामात मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच. खाऱ्या पाण्यातलं इंजिन हाती आलं की आपण सगळे आधी प्लग आणि कार्बुरेटरकडे धावतो. मिठाने खरं नुकसान केलेलं असतं ते इंजिन थंड करणारं पाणी फिरतं त्या वाटेत.

हे पाणी वर चढवणाऱ्या पंपापर्यंत जायचं तर खालचा पाय, म्हणजे इंजिनाचा पाण्यात बुडणारा भाग, उतरवायला हवा. त्याचे बाकीचे बोल्ट निघाले, मागचा एक अडला. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची बॉडी आणि मधे वर्षानुवर्षं खारं पाणी, म्हणजे पांढरी भुकटी होऊन दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. चार संध्याकाळी त्या एका बोल्टपाशी गेल्या. आधी पाझरणारं तेल आणि हातोडीचे हलके ठोके. मग गॅसच्या बत्तीने बोल्टच्या आजूबाजूची बॉडी तापवायची, बोल्ट नाही, आणि गरम असतानाच तेलाचा थेंब सोडायचा. सोडवण्याआधी पाना केसभर आवळायच्या दिशेने द्यायचा. चौथ्या संध्याकाळी 'टक्' असा कोरडा आवाज आला. बोल्ट तुटला असं वाटून पोटात गोळा आला, पण तो सुटला होता. बसवताना सगळ्या बोल्टना मरीन ग्रीस लावलंय.

आत इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या, रबरी पात्या एका बाजूला वाकून तशाच कडक झाल्या होत्या, दोन तुटलेल्या. तुटलेले तुकडे शोधून काढा, ते वरच्या नळीत जाऊन अडकतात. मला एक पंपाच्या तोंडाशी मिळाला, दुसरा नळीत. नवा इम्पेलर बसवताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं घर खाली दाबलं, म्हणजे पात्या बरोबर बाजूला वळतात.

गिअर ऑईल दुधाळ निघालं. पंखा काढला तर मागे शाफ्टला तंगुसाचे (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे) वेढेच वेढे, आणि त्या तंगुसाने सील कापलेलं. नवं सील टाकलं, ९० नंबरचं ऑईल खालच्या भोकातून भरलं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

जूनचा दुसरा आठवडा. होड्या वर ओढलेल्या, पावसाळी मासेमारी बंदी लागलेली, त्यामुळे बघायला चार जाणती माणसं अंगणात. २०० लिटरचं पिंप भरलं, पाणी पंपाच्या वर येईल इतकं. सुरुवातीला लिटरला ४० मिली ऑईल ठेवलं, नंतर २० वर आणणार. पाचव्या ओढीला इंजिनाने उचललं. धूर भरपूर, आवाज तोच. पंप चालतोय हे दाखवणारं पाणी मागच्या भोकातून यायला हवं, ते मात्र नाही. वीस सेकंदांत बंद केलं. भोकात जाड तंगूस घालून फिरवला, तर मिठाचा खडा बाहेर पडला. पुन्हा चालू केल्यावर बोटाएवढ्या जाडीची नाही, पण अखंड धार आली. काकांनी तिच्याखाली हात धरला. कोमट होतं पाणी, कढत नाही. त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.

सध्या पंधरा मिनिटं पिंपात सलग चालतं. खालचा प्लग अजून वरच्यापेक्षा ओला येतो, त्यामुळे त्या बाजूची क्रँक सील बघायची आहे. रंग शेवटी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाला की ते काकांच्या मित्राच्या होडीवर चढवायचं ठरलंय, आणि पहिली फेरी खाडीतच, तोंडाबाहेर नाही.