आग तळमजल्यावर, गुदमरले सातव्यावर

आग मीटर रूमच्या बाहेर आलीच नाही. एक पॅनल आणि चार-पाच केबल जळाल्या, एवढंच. तरी दोन माणसं धुराने गुदमरून दवाखान्यात गेली, आणि दोघंही सातव्या मजल्यावरची.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर) साधा लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं टोपण, लावून आवळली होती. ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारा बायमेटॅलिक लग नव्हता. असा जोड हळूहळू ढिला पडतो, तापतो. करंट मात्र रोजच्याइतकाच, त्यामुळे एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही. एमसीबी बसवली की सुटलो, हा समज कधी जाणार कुणास ठाऊक. तिला जादा करंट कळतो, ढिला नट नाही.

माझं डोकं अडकलंय ते केबलच्या डक्टपाशी, म्हणजे केबल मजल्यामजल्यांतून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीपाशी. प्रत्येक स्लॅबला तो बुजवलेला हवा. इथे तळापासून वरपर्यंत सलग भोक, म्हणजे धुराडंच. काजळी मजल्यागणिक बघत वर गेलो. पहिला-दुसरा जवळजवळ स्वच्छ. पाचव्यावर डक्टच्या शटरच्या फटींभोवती काळे ओघळ. सातव्यावर छतापासून पार कमरेपर्यंत भिंत काळी. असा डक्ट खालच्या मजल्यांवर हवा आत ओढतो आणि वर धूर ओकतो, म्हणून आगीच्या सर्वांत जवळचे झोपेतून उठलेही नव्हते. त्यात पीव्हीसीचा धूर: कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, शिवाय हायड्रोजन क्लोराइडने डोळे उघडत नाहीत, कुलूप कुठाय तेही दिसत नाही.

बांधकामाच्या वेळी डक्ट भरलेला होता. मग इंटरनेटवाले आले, त्यांनी फोडला. तिसऱ्यावर कुणीतरी भोक बुजवलंही होतं, पण खिडकीच्या चौकटीभोवती मारतात त्या पिवळ्या फोमने! तो स्वतःच पेटतो. त्याचा नुसता कोळसा उरला होता. इथे फायर मॉर्टर (आग न धरणारा गिलावा) लागतं, नाहीतर दाट रॉकवूल (दगडापासूनची लोकर) ठासून वरून लेप, आणि केबलभोवतीच्या फटीत तापल्यावर फुगणारं सीलंट. नवी केबल ओढली की त्याच दिवशी पुन्हा बुजवायचं. हे शेवटचं कुणीच करत नाही.

सातव्यावरच्या त्या दोघांना वास आला तसे ते दार उघडून गच्चीकडे धावले. गच्चीला कुलूप, किल्ली खाली मीटर रूमशेजारच्या केबिनमध्ये. समोरच्या घरातल्यांनी दार लावलं, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि खिडकीत उभे राहिले. त्यांना साधा खोकलाही नाही.

आठ महिन्यांपूर्वी या इमारतीची तपासणी मीच केली होती. अहवालात 22 मुद्दे. आग विझवायचे मुदत संपलेले सिलिंडर पहिल्या क्रमांकावर, डक्ट 14, गच्चीचं कुलूप 17. कमिटीने पहिले सहा मुद्दे चोख केले. नवेकोरे सिलिंडर मजल्या-मजल्यावर लटकत होते, पिना जागेवर, वर काजळीचा थर. क्रम छापील फॉर्मचा होता, माझा नव्हे. पण सही माझी होती.

फॉर्म अजून तोच आहे. म्हणून हल्ली डक्ट आणि कुलूप मी पहिल्या पानाच्या समासात, वर, हाताने लिहितो. परवा एका कमिटीच्या सचिवांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे छापील नाही. मग करायलाच हवं का?"