बाळ एक हात उचलत नव्हतं म्हणून सोलापूर ते कोइमतूर: आमचा अनुभव

चिऊ झाली तेव्हा वजन ४ किलो १०० ग्रॅम, डोकं आलं आणि खांदा अडकला, ओढून काढावं लागलं. तिसऱ्या दिवशी अंघोळ घालताना सासूबाई म्हणाल्या, अगं हिचा उजवा हात बघ. नुसता लोंबत होता, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. मानेतून हाताकडे पाच नसांचं जाळं जातं, ब्रेकियल प्लेक्सस, ते ताणलं गेलं होतं, आणि त्यातल्या वरच्या दोन नसा, सी ५ आणि सी ६, दुखावल्या की त्याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच सांगितलं गेलं की येईल आपोआप, वर्षभर वाट बघा.

बऱ्याच बाळांचं खरंच आपोआप येतं, त्यामुळे लगेच धीर सोडू नका. पण वर्षभर थांबू नका हे मी हात जोडून सांगते. तीन महिने झाले तरी बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेत नसेल तर नसांची ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवायचंच, आणि बोटांसकट सगळा हात लुळा असेल किंवा त्याच बाजूची पापणी खाली आलेली असेल तर तीन महिनेसुद्धा थांबायचं नाही. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते आणि तिची वाट बघता बघता स्नायू सुकत जातो, म्हणून ही घाई.

मुंबई-पुण्यातही हे काम करणारे सर्जन आहेत, जवळ असतील तर आधी तिथे जा. आम्ही कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलला गेलो कारण हात आणि नसांच्या सर्जरीसाठी त्यांचं नाव आहे आणि माझा मामेभाऊ विट्याचा, तिकडे सोन्याच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं तमिळनाडूत भरपूर आहेत, ओळख काढाच, खोली आणि घरचा वरण-भात दोन्हीची सोय होते. कुर्ला-कोइमतूर एक्सप्रेस सोलापूरला सकाळी धरली, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो (वेळा बघून घ्या, बदलतात). पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही पण बर्थही नाही, म्हणून खालचा बर्थ मिळेल असंच बुकिंग करा. तिथे हिंदी फार चालत नाही. कै म्हणजे हात, सुडु तण्णी म्हणजे गरम पाणी, एवढ्या दोन शब्दांवर माझे कितीतरी तास निघाले.

तपासणी मी विसरणार नाही. डॉक्टरांनी चिऊला माझ्या मांडीवरच ठेवलं, तिचा दंड कुशीला टेकवून धरला, कोपर काटकोनात, आणि पंजा हळूच बाहेरच्या बाजूला वळवला. डावा हात सहज फिरला, उजवा अर्ध्यात अडला. खांदा आतल्या बाजूला आखडायला लागला होता, फक्त साडेतीन महिन्यांत! असंच आखडत गेलं तर सांध्याचा आकारच बिघडतो. हा बाहेर वळवायचा व्यायाम आम्हाला आधी कोणी दाखवलाच नव्हता, नुसतं तेल लावून मालिश चालू होतं. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या आणि प्रत्येक लंगोट बदलताना करा, ओढाताण मात्र अजिबात नको.

पाचव्या महिन्यात परत जाऊन ऑपरेशन केलं. पोटरीच्या मागची एक नस काढून मानेत जोडतात, त्यामुळे पायालाही टाके असतात, हे आधी माहीत नसेल तर बघून धसका बसतो. भूल द्यायच्या आधी काही तास दूध बंद, तेव्हा तिला फिरवायला घरचं दुसरं माणूस हवंच, कारण आईचा वास आला की बाळ दूधच मागतं. नंतर तीन आठवडे हात छातीशी बांधलेला. पुढून पूर्ण उघडणारी, सैल बाह्यांची झबली न्या, घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी.

कागदांमध्ये डिलिव्हरीचं डिस्चार्ज कार्ड, जन्माचं वजन आणि खांदा अडकला होता हे लिहून घेतलेलं असू द्या. मोबाईलवर दर पंधरा दिवसांनी बाळाचा उघड्या अंगाचा, उजेडातला व्हिडिओ काढून ठेवा, आमच्या डॉक्टरांनी तेच सगळ्यात जास्त वेळ बघितले. महात्मा फुले योजनेत बसेल असं धरून राज्याबाहेर जाऊ नका, आधी विचारा. आणि फॉलोअपच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवा, लोक ऑपरेशनचेच धरतात.

ऑपरेशननंतर सहा महिने काहीच दिसलं नाही, मी रोज रात्री दंडाला हात लावून बघायचे. सातव्या महिन्यात बोटाखाली काहीतरी हललं. आता दीड वर्षाची आहे, दंड कुशीला धरून उजव्या हातात बिस्कीट दिलं की मान थोडी खाली घालते पण तोंडापर्यंत नेते. हात डोक्यावर अजून जात नाही, खांद्यासाठी पुढे आणखी एक ऑपरेशन लागू शकतं, पुढची तारीख जूनमधली आहे.